खुणेच्या टोप्या

बाबा पुस्तकं बांधायचे आणि धाकटी पुस्तकांची पानं दुमडायची. एका घरात याहून मोठं वैर असू शकत नाही. वाचता वाचता दूध उतू जायला लागलं, दारावर कुणी आलं, की ती पानाचा वरचा कोपरा मुडपून उठायची. चाळीस वर्षं पुस्तकांचे कोपरे सरळ करण्यात घालवलेल्या माणसाच्या पोटी अशी लेक यावी, हे मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असणार, असं बाबा म्हणायचे. "कान पिळलाय बघ बिचाऱ्याचा," असं पुटपुटत ते ओलसर कापसाने तो कोपरा दाबत बसायचे.

मग एके दिवशी त्यांनी तिला टोपी करून दिली. तीन सेंटिमीटरचा चामड्याचा चौकोन तिरका कापून त्याचे दोन त्रिकोण केले होते. ते छिलून पातळ करून, एकावर एक ठेवून दोन बाजूंनी शिवले होते आणि तिसरी बाजू उघडी ठेवली होती. पानाच्या कोपऱ्यावर ती बरोबर बसायची.

"घे, ठमाबाई. खुणेची टोपी. आता कान पिळशील तर बघ."

धाकटीने टोपी उलटसुलट करून पाहिली. काळपट तांबडं चामडं, कडेला उमटवलेली दुहेरी रेघ. टाके मुंगीच्या पावलांएवढे. चामडं कुठलं, हे तिने विचारलं नाही. बाइंडरच्या घरात चामड्याचा तुकडा म्हणजे सुताराच्या घरातला भुसा. कुठून आला, असं कुणी विचारत नाही.

तीनेक महिन्यांनी दुसरी टोपी आली. "पहिली हरवली असशीलच," बाबा म्हणाले. हरवली नव्हती. तरी तिने घेतली. मग तिसरी, मग चौथी. चौथीला एका अंगाला गोल भोक होतं.

"याला भोक कशाला?"

"टोपीला वारा लागायला नको? केस गळतात पानाचे."

पाचवीचं भोक लांबट होतं, ओढून ताणल्यासारखं. तेव्हा तिने विचारलंही नाही. एका वेळी ती पाच पुस्तकं वाचत असायची, त्यामुळे पाचही टोप्या कामात होत्या.

घरी ती धाकटी होतीच, ऑफिसातही धाकटीच. बाकी सगळे तिथे पंधरा-वीस वर्षांचे मुरलेले. ही कालपरवा पदवी घेऊन आलेली, म्हणून नाव पडलं ते पडलं.

तिचं ऑफिस एक दुर्बीण सांभाळायचं. दुर्बीण म्हटलं की लोकांना डोळा लावायची नळी आठवते. ही तसली नव्हती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर स्फटिकाच्या बारा चकत्या बारा दिशांना तोंड करून बसवलेल्या होत्या. बघणं म्हणजे त्यांच्यासाठी मोजणं. फार फार दूर एखादा प्रचंड तारा स्वतःच्या वजनाने आत कोसळतो आणि त्यातून गॅमा किरणांचा झोत सुटतो. बहुतेक वेळा तो काही सेकंद टिकतो, क्वचित काही मिनिटं. तो कधी येणार आणि कुठून येणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून एकच उपाय: सगळं आकाश, सगळा वेळ मोजत राहायचं.

अडचण अशी की आकाश कधीच गप्प नसतं. स्फोट असो वा नसो, प्रत्येक चकतीवर सेकंदाला तीनेकशे किरण आदळतच असतात. हा झाला पाठीमागचा गोंगाट. त्यातून स्फोट ओळखायचा कसा? उपग्रहावरची यंत्रणा सोपी युक्ती वापरायची. ती गेल्या सतरा सेकंदांची सरासरी काढायची आणि आत्ताचा आकडा तिच्याशी ताडून पाहायची. एकदम उडी दिसली, की घंटी. मग सगळ्यांचे फोन एकाच सुरात वाजायचे आणि अर्धं ऑफिस हातातला कप तसाच ठेवून पळायचं.

ही युक्ती जमदग्नींची. खरं नाव वेगळं होतं, पण नावं ठेवण्यात त्या ऑफिसचा हात कुणी धरला नसता. ते रागावले की टेबलावरचा पंखासुद्धा आवाज न करता फिरतो, असं सगळे म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती यंत्रणा लिहिली आणि अकरा वर्षं ती आकाशात बिनतक्रार चालू होती.

विभागप्रमुख मॅडमनी धाकटीला काम दिलं ते नेमकं त्या यंत्रणेच्या वर्मावर बोट ठेवणारं. सतरा सेकंदांची सरासरी पुढेपुढे सरकत असते. एखादा स्फोट अगदी हळूहळू चढत गेला, तर प्रत्येक क्षणी तो आदल्या क्षणापेक्षा केसभरच मोठा असतो. सरासरीही त्याच्यासोबत तेवढीच वर चढते. उडी अशी दिसतच नाही आणि घंटी वाजत नाही. "अकरा वर्षांच्या नोंदी आहेत," मॅडम म्हणाल्या. "असे किती निसटले, शोध."

धाकटीने चार महिने खटाटोप करून रस्ता काढला. उपग्रहाची एक फेरी शहाण्णव मिनिटांची. तीस फेऱ्या झाल्या, म्हणजे बरोबर दोन दिवसांनी, तो पुन्हा पृथ्वीवरच्या त्याच जागेच्या वर, जवळपास तसाच कललेला असतो. म्हणजे गोंगाटही तोच. तेव्हा आत्ताचा आकडा मघाच्या आकड्याशी ताडायचाच नाही. दोन दिवस आधीच्या त्याच वेळेशी ताडायचा आणि दोन दिवस नंतरच्या त्याच वेळेशी. दोन्हींच्या मधोमध जे उंच उरेल, ते खरं.

त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात एक सापडला. आठ वर्षांपूर्वीचा, सदतीस मिनिटं चाललेला, त्यातली तेरा मिनिटं नुसती चढण्यात गेलेली. आलेखावर तो एखाद्या टेकडीसारखा दिसत होता. शांत, रुंद, आणि इतका मोठा की आता न दिसणं अशक्य. त्या वेळी घंटी वाजली नव्हती.

धाकटीने अहवालाचा कच्चा मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "उपग्रहावरील यंत्रणेच्या दुर्लक्षामुळे या स्फोटाची नोंद झाली नाही."

दुसऱ्या दिवशी जमदग्नी तो कागद घेऊन तिच्या टेबलाशी उभे. एका शब्दाखाली लाल रेघ, तीही दोनदा.

"हा शब्द कुणाचा?"

"माझा, सर."

"दुर्लक्ष म्हणजे काय?"

"लक्ष नसणं."

"या यंत्रणेने अकरा वर्षांत एकदा पापणी मिटलेली नाही. तू जन्मात एवढी जागली असशील का?"

"पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्यातून उपग्रह जातो, तेव्हा चकत्या बंद असतात, सर," धाकटी म्हणाली. तिला चुकीचं विधान सोडवत नसे. "रोज साधारण तीन तास."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं.

"ते सोड. स्फोट झाला तेव्हा बंद होत्या?"

"नाही."

"मग?"

"मग दिसला का नाही, सर?"

"बघत होती म्हणून नाही दिसला," जमदग्नी म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवला. "डोळे मिटून मध्येच उघडले असते, तर दिसला असता. शब्द बदल."

धाकटीने मान डोलावली आणि शब्द बदलला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला.

दादा आला तो रविवारी दुपारी. लांबच्या शहरात नोकरी, लहान मुलं, यंदा जमेल-जमेल करता करता चौदा महिने गेले होते. धाकटीने दार उघडलं. दादा पिशवी खाली ठेवून आत वळला आणि कारखान्याच्या दारातच थांबला. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. तिथे दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं भांडं आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर बाबा.

"बाबा?" दादा म्हणाला. हाक मारावी तसं नाही, विचारावं तसं.

"मीच. का, पाटी लावू?" बाबा म्हणाले. "चौदा महिन्यांनी बाप ओळखू येईना, आणि म्हणे कॅमेऱ्याच्या कंपनीत अधिकारी."

दादा हसला, पाया पडला, मुलांची खुशाली सांगितली, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला.

"बाबांना काय झालंय?"

"कुठे काय? वय झालंय जरा."

"वय? अगं, अर्धे झालेत ते."

"अर्धे वगैरे काही नाही. उन्हाळ्यात भूक कमीच असते त्यांची." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की उन्हाळा संपून तीन महिने झालेत. "आणि तू चौदा महिन्यांनी उगवणार आणि मला सांगणार?"

दादाने फोन पुढे धरला. मागच्या खेपेला निघताना काढलेला फोटो. कारखान्याच्या त्याच दारात तिघं उभी. मधे बाबा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, अंगाने चांगले भरलेले. धाकटीने फोटो पाहिला. मग स्वयंपाकघराच्या दारातून पलीकडे पाहिलं. बाबा दाबयंत्राचं चाक फिरवत होते. अर्धा फेरा झाला की थांबत होते, जणू काही आठवायचंय.

चाक पूर्वी ते एका हाताने फिरवायचे. मग दोन्ही हातांनी. मग "ठमाबाई, जरा हात लाव गं" म्हणायला लागले, आणि ती लावत गेली. ताट आधी थोडं उरायचं, मग निम्मं. ती वाढतानाच कमी वाढायला लागली होती, म्हणून पुढे उरेनासंच झालं. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून ते खिडकीतून बाहेर काहीतरी बघायचे. ती म्हणायची, बाबांना त्या झाडाचा लळा लागलाय. आजचे बाबा कालच्यासारखेच, कालचे परवासारखेच. कुठे उडी नव्हती.

तपासणीला आठ दिवस गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, धाकटीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. आतड्यात गाठ होती, यकृतापर्यंत पोचलेली.

"जेवण कधीपासून कमी झालं?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू," धाकटी म्हणाली.

"हो, पण कधीपासून?"

ताऱ्याच्या स्फोटाची वेळ ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहायची. इथे तिला महिना सांगता येईना.

"आठ-नऊ महिने आधी आला असतात, तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य तिथेच ठेवलं आणि कागद उलटला.

बाहेरच्या लांब बाकावर दोघं बहीणभाऊ बसून राहिली. समोर एक बाई फरशी पुसत होती. पुसत पुसत पायांशी आली, तसे दोघांनी पाय उचलून धरले. ती पुढे गेल्यावर दादा म्हणाला, "तू रोज बघत होतीस ना त्यांना?"

"हो."

"मी दूर होतो. माझं सोड. पण तू रोज..." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "दुर्लक्ष झालं गं तुझं."

तो रागावून बोलला असता, तर तिला भांडता आलं असतं. तो दमून बोलला. लाल रेघ मारलेला तो शब्द तिने स्वतः लिहिला होता, स्वच्छ अक्षरात. आता तो फिरून तिच्यावरच आला होता, आणि खोडायचा कसा, ते तिला कळेना.

तेवढ्यात नर्सने बाबांचे कपडे ठेवलेली पिशवी आणून दिली: शर्ट, पँट, चष्म्याचं घर, पट्टा. धाकटीने गाठ मारून ती तशीच घरी नेली आणि कपाटात ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, ती दुखणं बरं करण्यासाठी नव्हती, सोसण्यासाठी होती. बाबांनी खाट कारखान्यात टाकायला लावली. "खळीचा वास आला की मला भूक लागते," ते म्हणाले, पण लागत नसे. दादा रजा वाढवत वाढवत राहिला. धाकटी सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची आणि बाबांना वाचून दाखवायची. पुस्तक प्रवासवर्णनाचं होतं, जाडजूड, बाबांनीच कधीकाळी बांधलेलं. थांबली की ती कोपऱ्यावर पाचवी टोपी बसवायची आणि बाबा डोळे किलकिले करून बघायचे.

"कान सरळ आहेत ना सगळे?"

"सगळे."

एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुमचा तो स्फोट कुठवर आला?"

"तो आठ वर्षांपूर्वीच येऊन गेला, बाबा. आम्हाला आत्ता कळला."

"म्हणजे घंटीवाली झोपली होती?"

"नाही. जागी होती. पण तिला फक्त मघाचंच आठवतं. त्याच्या मागचं नाही."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. "मग ती काय करणार बिचारी," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "वाच पुढे."

तुम्हाला कधीपासून कळत होतं, असं तिला विचारायचं होतं. रोज विचारायचं होतं. आज फार दमलेत, उद्या विचारू, असं ती रोज ठरवायची. आणि उद्याचे बाबा आजच्यासारखेच असतील, हे ती अजूनही धरून चालली होती.

बुधवारी दुपारी पावणेतीन वाजता, पान एकशे बारावर, वाचता वाचता तिला जाणवलं की ऐकणारं कुणी नाही. ती वाक्य पूर्ण करून थांबली. हाताने आपसूक टोपी उचलली, पानाच्या कोपऱ्यावर बसवली, पुस्तक मिटलं. मग तिने दादाला हाक मारली.

तेरा दिवस सरले. दादाला परतायचं होतं, त्याआधी बाबांचं कपाट दोघांनी आवरायला घेतलं. दवाखान्यातून आणलेली पिशवी दादानेच सोडली.

"हा पट्टा मी नेऊ?" तो म्हणाला. "बाबांनी स्वतः केलेला आहे. मला आठवतं, मी शाळेत होतो. दोनच भोकं पाडली होती याला. एक जेवणाआधीचं, एक जेवणानंतरचं. आई होती तेव्हा, केवढी हसली होती."

दादा अंगाने बाबांवर गेलेला. त्याने पट्टा कमरेला लावून पाहिला. टोकं जवळ आली, पण बकलाला पुरेनात.

"हा बाबांचा नाहीये."

"बाबांचाच आहे. मी रोज बघायचे." बोलून ती थबकली. "बघू."

तिने पट्टा टेबलावर सरळ केला. एका ओळीत पाच भोकं, पंचने पाडलेली, काठ अजून कोरे. दोन जुनी भोकं कुठेच नव्हती. शेपटाचं टोक कैचीने सरळ कापलेलं होतं, आणि कापल्याजागी चामडं आतून फिकट होतं. धाकटीने बाबांची पोलादी पट्टी घेतली. भोकांमधलं अंतर तीन सेंटिमीटर. प्रत्येक वेळी तीनच. पट्ट्याची रुंदी मोजली. तीन.

काळपट तांबडं चामडं. कडेला दुहेरी रेघ.

ती उठली आणि घरभर फिरून पुस्तकं घेऊन आली. उशाजवळचं, खिडकीतलं, ऑफिसच्या पिशवीतलं. प्रत्येकातून टोपी काढून तिने कापलेल्या टोकापुढे एकेक मांडली. पहिल्या तीन कोऱ्या. चौथीला गोल भोक. उरलेली पाचवी प्रवासवर्णनात होती, पान एकशे बारावर. ती काढताना तिने पानाचा आकडा पुन्हा पुन्हा घोकला. वीस वर्षं रोज बकलाचा काटा ओढून लांबट झालेलं भोक त्या टोपीत होतं.

दादाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो स्टुलावर बसला.

"बारीक होत गेले तसं भोक पाडायचे," तो म्हणाला, "आणि शेपूट लोंबायला लागलं की तेवढं कापून टाकायचे. म्हणजे पट्टा होता तसाच दिसायचा. लपवत होते ते."

"टाकायचे कुठे?" धाकटी म्हणाली. "माझ्या हातात द्यायचे."

"चामडं वाया घालवायचा स्वभाव नव्हता त्यांचा. त्यात दुसरं काही नसेल."

"नसेल. किंवा असेल."

पाच वेळा. साधारण तीन-तीन महिन्यांनी. घे, ठमाबाई, खूण. तिने त्या घेतल्या होत्या, पुस्तकात घातल्या होत्या आणि पुढे वाचत गेली होती. आता शिवण उसवली असती, तर चौकोन होऊन पंधरा सेंटिमीटरचा हिशोब अगदी पुरा जुळला असता. दादाच्या मनात तेच आलं असावं. त्याने आरीकडे पाहिलं. धाकटीने टोप्यांवर हात ठेवला.

"नको."

मग दादा म्हणाला, "तेव्हा बाकावर मी जे बोललो ना..."

"असू दे."

"असू दे काय? चुकीचा शब्द होता तो."

"मग बरोबर कुठला?"

दादाने विचार केला. तो मनापासून शोधत होता, हे तिला दिसत होतं. शेवटी त्याने पट्ट्याची गुंडाळी करून तिच्यासमोर ठेवली.

ऑफिसात अहवाल तिची वाट बघत होता. जमदग्नी दुपारी आले, खुर्ची ओढून बसले आणि टेबलावरची टाचणी सरळ करू लागले. "जेवलीस?" एवढंच विचारलं. तिने हो म्हटलं. ते उठायला लागले, तशी तिने मसुदा पुढे केला.

त्या वाक्याच्या जागी आता असं लिहिलं होतं: "स्फोटाच्या संपूर्ण काळात यंत्रणा बघत होती. तिची तुलना सतरा सेकंदांपलीकडे जात नसल्याने तिला वाढ दिसली नाही."

जमदग्नींनी ते दोनदा वाचलं. खिशातला लाल पेन बाहेर आला नाही.

"पहिलं वाक्य कशाला? दुसऱ्यात आलं की सगळं."

"राहू दे, सर. ते हवंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. पुढच्या पानावर तक्ता होता; त्यातला पहिलाच रकाना, 'सुरुवात', रिकामा होता.

"हे?"

"ठरत नाहीये. हळू चढलाय. कुठून धरायचं?"

"कुठूनतरी धरावं लागतं," जमदग्नी म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आणि शेजारी चूक किती असेल, तेही लिहायचं. मोठी असली तरी लिहायची. रिकामं ठेवायचं नाही."

ते गेल्यावर तिने वेळ लिहिली आणि शेजारी लिहिलं: चार मिनिटं मागे-पुढे. आजवरच्या यादीतली ती सगळ्यात मोठी चूक होती. मॅडमनी त्यावर सही केली.

दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "एक फोटो पाठव तुझा. उभा. डोक्यापासून पायापर्यंत."

"स्थळ बघतोयस की काय?"

"कारखान्याच्या दारात उभी राहा. मागच्या वेळी आपण तिघं होतो ना, तिथेच. आणि दर दोन महिन्यांनी पाठवायचा. विसरलीस तर मी येऊन बसेन, वहिनीला घेऊन."

ती हसली. नाही म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. फोन खुर्चीवर टेकवून ती दारात उभी राहिली. मागे दाबयंत्राचं चाक, त्यावर तिने घातलेलं कापड. फोटो पाठवला. दोन मिनिटांनी दादाचं उत्तर आलं: जुना फोटो आणि नवा, शेजारी शेजारी लावलेले. खाली लिहिलं होतं, "तुझ्यात काही फरक नाही."

जुन्या फोटोत तिच्या खांद्यावर हात होता. नव्यात नव्हता. धाकटी दोन्हीकडे खूप वेळ बघत राहिली.

मग तिने लिहिलं, "आत्ताच नको सांगूस. पुढचा आल्यावर कळेल."

आणि प्रवासवर्णन उघडून एकशे बारावं पान काढलं. टोपी तिथे नव्हती, पण आकडा पाठ होता.